शेजारची पट्टी

न्युरेम्बर्गच्या गोस्टेनहोफ वस्तीतल्या त्या मागच्या अंगणातल्या खोलीत पूर्वी सायकली दुरुस्त होत. जमिनीत मुरलेला रबराचा वास कितीही फिनेल ओतलं तरी जात नसे. २००८ सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी क्षितिजा दर शनिवारी दुपारी एर्लांगेनहून न्युरेम्बर्गला येऊन तिथे बसू लागली. ती विषाणूंवर डॉक्टरेट करत होती. इथे तिचं काम एवढंच, की बोटाच्या रक्ताची झटपट एचआयव्ही चाचणी करायची आणि पट्टी वाचायची. एक रेघ म्हणजे निगेटिव्ह, दोन म्हणजे पॉझिटिव्ह. बाकी सगळं सेर्जचं.

सेर्ज मूळचा आफ्रिकेतल्या दुआलाचा, ट्रामच्या डेपोत वीजकाम करणारा, दारातून वाकून आत येणारा धिप्पाड गडी. येणारे सगळे त्याच्यासारखेच कृष्णवर्णीय आणि पुरुषांवर प्रेम करणारे. काहींना बायकामुलंही होती. गेझुंडहाइट्सआम्टच्या, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यालयाच्या, रांगेत कुणी ओळखीचं दिसेल या धास्तीनं ते तिकडे फिरकत नसत. सेर्जकडे मात्र येत. त्याची पद्धत अशी, की नव्या माणसाआधी स्वतःचं बोट टोचून घ्यायचं, दोन पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि निकाल येईपर्यंत दोघांनी गप्पा मारत बसायचं. एकट्यानं घाबरायचं नाही, हा तिथला नियम होता. "पॉझिटिव्ह निघालास तर गोळ्या आहेत. माझी सासू तुझ्याहून जास्त गोळ्या खाते," असं तो म्हणे, आणि त्याला कुठली सासू, हे लक्षात येऊन माणसं हसत.

ऑक्टोबरात म्युनिकहून एक स्वयंपाकी आला. तिकडे तो दोनदा पॉझिटिव्ह ठरला होता, पण मन मानत नव्हतं. त्याच्या पट्टीवर एकच रेघ आली. सेर्जच्या पट्टीवर दोन.

अदलाबदल झाली असणार, असं क्षितिजाला वाटलं. तिनं दोघांच्या शिरेतून रक्त काढून ऊर्मिलाताईंकडे दिलं. ऊर्मिलाताई मूळच्या सांगलीच्या डॉक्टर, एर्लांगेनमध्ये एक प्रयोगशाळा सांभाळत. त्यांनी दोन्ही नमुने तऱ्हेतऱ्हेनं तपासले. दोघेही निगेटिव्ह. स्वयंपाक्याच्या रक्तात विषाणू कधी शिरला होता याची खूणसुद्धा नव्हती.

त्याच आठवड्यात सेर्जला ताप भरला.

पुढच्या शनिवारी तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. कुणी काही बोललं नसावं, पण हांबुर्गहून, कलोनहून माणसं येऊ लागली. आपल्याला लागण आहे हे त्यांना आधीच ठाऊक असे. ती पट्टीकडे बघतच नसत, सेर्जकडे बघत. जाताना कुणी त्याचा हात हातात घेई, कुणी नजर टाळून निघून जाई.

सेर्जचं जाकीट खांद्यांवरून लोंबायला लागलं. त्याच्या जिभेवर पांढरा थर धरला. क्षितिजानं पुस्तकात वाचलेलं एकेक लक्षण त्याच्या अंगावर ओळीनं येत गेलं. दर वेळी प्रयोगशाळेचा अहवाल मात्र स्वच्छ. तिनं ऊर्मिलाताईंना गळ घातली, की निदान एचआयव्हीची औषधं तरी सुरू करा.

"अगं, रिपोर्ट निगेटिव्ह असताना कुठला डॉक्टर लिहून देईल? गोळ्या काय पेढे आहेत का, वाटायला? कामाला लाव त्याला, अंग धरेल."

त्या शनिवारी सेर्जनं तिला विचारलं, "मी हे थांबवू का, फ्राउ डॉक्टर? तू म्हणालीस तर थांबेन."

तिनं म्हणायचा अवकाश होता. औषध मिळणार नाही आणि दर शनिवारी तो थोडा कमी होणार, हे तिला दिसत होतं. पण इतक्या थोड्या निरीक्षणांवरून काही सिद्ध होत नाही, असं ती म्हणाली. ते खरंही होतं.

"आल्झो, ठीक तर, सिद्ध झालं की सांग," म्हणत त्यानं बाही वर केली.

डिसेंबरात गॉडविन आला. तो सेर्जचा जोडीदार, गेली कित्येक वर्षं त्याच्याच घरात राहणारा. पॉझिटिव्ह होता, रोज गोळ्या घेई, रविवारी फुटबॉल खेळे. त्याला काहीही होत नव्हतं. अंगावरचा बर्फ झाडत तो समोरच्या खुर्चीत बसला.

"कंटाळा आलाय त्या गोळ्यांचा," तो म्हणाला. "कुठल्या कुठल्या लोकांसाठी केलंस. मी तुझा कोण?"

 सेर्ज क्षितिजाकडे वळला. "नाही म्हण."

गॉडविनचे मागचे सगळे अहवाल उपलब्ध होते. इतका चोख नमुना आजवर हाती आला नव्हता. तिनं दोन पट्ट्यांची पाकिटं फाडली होती.

सेर्जनं नेहमीप्रमाणे आधी आपलं बोट पुढे केलं.

गॉडविनच्या पट्टीवर एक रेघ उमटली.

सेर्जच्या पट्टीवर एकही नाही.

रक्त कमी पडलं असेल. तिनं दुसरी पट्टी घेतली, बोट दाबून मोठा थेंब सोडला. रक्त पट्टीवर चढलं, पसरलं, आणि मागे सगळं पांढरं झालं. तसंच राहिलं.

प्रत्येकाच्या पट्टीवर येणारी ती पहिली रेघ विषाणूची नसतेच. माणसाचं रक्त आहे, एवढंच ती सांगते.

तिनं डब्यावरची मुदत पाहिली. मग स्वतःचं बोट टोचून त्याच डब्यातली पट्टी लावली. तिची रेघ ठसठशीत आली.

"काय दिसतंय?" सेर्जनं विचारलं.

कुठे दुखतंय का, असं तिनं त्याला उलट विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आज कुठेच नाही."

गॉडविन हसत उठला. त्यानं आपली बर्फानं भिजलेली पाठपिशवी, रिकाम्या खुर्चीवर ठेवावी तशी सेर्जच्या मांडीवर ठेवली, आणि बुटाची नाडी बांधायला वाकला.