नातेवाइकांना कळविले

लाईट येईल तवा येईल. तू बस पोरी, कंदिलाजवळ सरक. परवा इचारलंस ना मला, छबुअक्का, भर उन्हात त्या निंबाखाली रोज कावून बसतीस? सांगते. पन मधी बोलू नको, माझी लिंक तुटती.

पाटोद्याला गेलते मी. काम साधंच, माझ्या धाकट्या भावाचा, अजिनाथचा, मरणाचा दाखला आणायचा होता. अजिनाथला फाशी झाली. तुला गावात कुणी सांगितलं आसंल, न्हाई तर न्हाई.

तो सुंदरराव आबांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. आबा मंजी आपल्या गावचे पुढारी, त्यांच्या शब्दाबाहेर इथं पान हालत नव्हतं. आबांच्या वैराच्या पायी एका रात्री एक अख्खं घर पेटवलं गेलं, आत लेकरं होती. कोर्टात अजिनाथ मनला, मीच केलं. अगं, कोंबडी कापायच्या टायमाला तोंड फिरवणारा माणूस तो! मला न्हाई पटलं. भेटीला गेले तवा इचारलं, तर जाळीच्या पलीकडून एवढंच मनला, "आबा सोडवतेत, अक्का." मंग त्याला लांबच्या जेलात नेलं. मला एकटीला जाणं होईना. मी आपली आबांच्या बंगल्यावर चकरा मारायची. आबा झोपाळ्यावर बसलेले आसायचे, हसून मनायचे, "दयेचा अर्ज वर गेलाय. काम चालू हाय, अक्का." किती वर्षं ऐकलं मी हे. आन् इस्वास ठेवला, मूर्खावानी.

फाशीची बातमी मला बाजारात कळली, वांगी जोखता जोखता, समोरच्या दुकानातल्या टीव्हीवर. मयत पन दिलं न्हाई, तिकडंच जाळलं. आबा रडले माझ्याम्होरं. मनले, सरकारनं आपल्याला कळवलं सुदिक न्हाई. मी त्याच माणसाच्या ओट्यावर बसून रडले, त्याच्या घरचा चहा पिले.

तर दाखला. केळी विकणाऱ्या रहेमतबीचा नातू अबरार, त्याचं कॉम्प्युटरचं दुकान हाय पाटोद्याला. त्यानंच माझ्या नावानं जेलाला अर्ज केलता, पत्ता दुकानाचा देऊन. दाखला त्यानं वाचून दाखवला. नाव, आईबापाचं नाव, तारीख, ठिकाण. मी इचारलं, कशानं मेला ते कुठं हाय? तो मनला, मावशी, दाखल्यावर कारण लिहीत न्हाईत, कुणाच्याच न्हाई. मंजी सरकारनं मारलं आन् सरकारच्याच कागदावर ते न्हाई! तापानं मेला का फासावर, सारखंच.

जेलाचा दुसरा कागद होता, त्यात समदं होतं. डॉक्टरनं लिहिलंतं, अर्धा तास लटकता ठेवला, मंग जीव गेल्याची खात्री केली. खाली साहेबाची सही, शिक्षेची अंमलबजावणी झाली. गाडी दुरुस्त झाल्याचं लिहितेत ना, तसं. लई दुखलं आसंल का रे त्याला, मी इचारलं. पोरगं बिचारं माझी समजूत घालायला मनलं, "न्हाई मावशी. दोराला पिकलं केळं आन् लोणी चोळतेत म्हनं. मऊ करतेत."

मंग त्यानं शेवटची ओळ वाचली. "नातेवाइकांना कळविले. भेटीस कोणी आले नाही."

कुणाला कळवलं? आमच्या वस्तीवर पोस्टमन येत न्हाई. आमचं टपाल आबांच्या बंगल्यावर पडतं.

एसटीनं फाट्यावर उतरले तवा ऊन डोक्यावर आलतं. तो रस्ता तुला ठावं हाय, दोन्ही बाजूंनी वेचून वाळलेली, उलंगलेली कपाशी, मधी तेवढा एक निंब. चिटपाखरू नव्हतं. माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटायला लागला. निंबाच्या सावलीत पाय टाकला आन् वास आला. लई पिकलेल्या, काळ्या पडलेल्या केळाचा. आन् त्याच्या खाली लोण्याचा, खवट. मी पिशवी हुंगली. पिशवीत कागद होते, दुसरं काहीच न्हाई.

मागून हाक आली. "अक्का…"

घसा दाबल्यावर येतो तसा आवाज. पन त्याचाच. आई सांगायची, अशा जागी ओ द्यायची न्हाई, ओ दिली की ते आपल्याला घेऊन जातं. जित्तं माणूस तीनदा हाक मारतं, ते दुसरं दोनदाच. मी पदर तोंडात कोंबला.

"अक्का… तू कावून आली न्हाईस?"

देवा रे. माझ्या भावाला वाटत होतं, त्याच्या अक्कानं त्याला टाकलं. एवढंच मनात घेऊन तो त्या फळीवर उभा राहिला. आन् मी, त्याची सख्खी बहीण, भ्याले त्याला. तिसरी हाक आली की ओ देते, मनून थांबले. तिसरी आलीच न्हाई. वास तेवढा माझ्या म्होरं निघाला, गावाकडं.

मी त्या वासामागं गेले. तो बंगल्यात शिरला.

आबा झोपाळ्यावर एकटेच होते. मी कागद त्यांच्या मांडीवर टाकला, इचारलं, कुणाला कळवलं? ते शांतपणे मनले, देवाशप्पथ, माझ्याकडं कागद आला न्हाई.

तवा आतल्या अंधाऱ्या खोलीतून हाक आली, "आबा…"

अजिनाथ तशीच मारायचा, गाडी काढली की. आन् आबांनी सवयीनं लगेच मनलं, "ओ."

पहिल्याच हाकेला. मनल्यावर त्यांना कळलं आपण कुणाला ओ दिली ते. तोंड पांढरं पडलं. झोपाळ्याची मोकळी बाजू कुणी शेजारी बसावं तशी दबली आन् कड्या करकरल्या. आबा माझ्याकडं बघेनात. पुटपुटत मनले, "कागद आलता, अक्का… चुलीत घातला… तू भेटली आसतीस तर तो बोलला आसता… अमरसिंहचं नाव… माझं एकच लेकरू हाय गं…"

"माझाबी एकच भाऊ होता, आबा," मी मनले. उठले आन् घरी आले.

दुसऱ्या दिवशी आबा झोपाळ्यावर मेलेले सापडले. डॉक्टर मनला, हार्टॲटॅक. गळ्याला बायकांनी उपरणं गुंडाळलं होतं, अंघोळ घालतानाबी काढू दिलं न्हाई. अमरसिंह वास जावा मनून तेराव्यापर्यंत घरात फिनेल ओतत होता. केळं तर कुणी आणलंच नव्हतं. दाखला मिळाला त्यांचाबी, झ्याक शिक्क्याचा. त्यात कारण न्हाईच.

तवापासून मी निंबाखाली बसते. ठरवलंय, आता तिसरीची वाट बघायची न्हाई. पहिल्याच हाकेला ओ द्यायची आन् सांगायचं, अजिनाथ, मला कुणी कळवलं न्हाई रे. कळवलं आसतं तर मी पायी आले आसते. एवढं त्याच्या कानावर घालायचंय, मंग माझं काय व्हायचं ते होवो.

पन अजिनाथ हाक मारत न्हाई, पोरी. ऊन डोक्यावर आलं की वास येतो, लोण्याचा, केळाचा. मी तोंड उघडते. आन् मागून आवाज येतो तो दुसराच, समजूत घातल्यावानी, हसून बोलल्यावानी.

"काम चालू हाय, अक्का…"