खटक्यावरचे बिल्ले

सरकारी सिमेंट कारखाना विकला गेला आणि सगळ्यांबरोबर फिटरही घरी बसला. बायको लोकांचे कपडे शिवून संसाराचा गाडा ओढत होती. आज दुपारी नव्या मालकाचा निरोप आला: सिमेंट दळायची जुनी गिरणी चालू करून द्या, कायमची नोकरी घ्या. देव पावला म्हणत तो निघाला.

कारखान्यात ऊन तिरपं झालं होतं. सिमेंटची पिठी अजून हवेत तरंगत होती. त्या ओळखीच्या वासात त्याला झोपेत चालल्यासारखं हलकं वाटत होतं. छानच वाटत होतं, खोटं कशाला बोला!

गिरणी चालू करायच्या खटक्यापाशी मात्र तो थबकला. खटक्यावर पितळी बिल्ले लटकत होते. गिरणीच्या पोटात दुरुस्तीला उतरणारा प्रत्येक जण आपला बिल्ला इथे अडकवायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्याच हाताने काढायचा. एकही बिल्ला लटकत असेल तोवर खटका दाबायचा नाही; दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावत नसे, मग तो साहेब का असेना.

"हे तर आम्ही शेवटच्या दिवशी जमा केले होते," फिटर म्हणाला.

"ते केव्हाच भंगारात गेले." सोबत आलेल्या नव्या साहेबाने घड्याळ पाहिलं. "कुणीतरी चेष्टा केली असेल. काढा."

वेल्डरचा बिल्ला होता, तेलवाल्याचा होता, म्हाताऱ्या मुकादमाचाही होता. सगळी घरी बसवलेली माणसं. शेवटचा त्याचा स्वतःचा. हात लावला तर कोमट लागला, नुकताच कुणाच्या खिशातून निघाल्यासारखा.

आत कुणी राहिलं असेल तर कळावं म्हणून चालू करण्याआधी गिरणीवर पाना वाजवायचा, ही जुनी रीत. त्याने वाजवला. आतून कुणीतरी हळूच उलट वाजवलं.

"साहेब... आत माणसं आहेत."

साहेबाने झाकण उघडून बॅटरी मारली. आत नुसती पिठी होती.

"जमत नसेल तर सांगा, दुसरा बघतो."

फिटरला बायकोची सुजलेली बोटं आठवली. पोटासाठी माणूस काय करत नाही! त्याने एकेक करून सगळे बिल्ले काढले, स्वतःचाही काढला, आणि डोळे मिटून खटका दाबला. गिरणी मुकाट्याने फिरू लागली.

घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती. त्याला पाहून तिच्या हातातली कात्री खाली पडली.

"लागली नोकरी!" तो म्हणाला.

"तुम्ही... तुम्ही तर मघाशीच आलात ना? मित्रांना घेऊन..." ती कुजबुजली. "सगळे पिठीने माखलेले. बिल्ले कुठे आहेत, एवढंच विचारत होतात..."

"मी आत्ता येतोय गं."

"मग आत बसलेत ते कोण?"

आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या कपाटावर कुणीतरी हळूच पाना वाजवला.