केतकीला फोन करणे

आई गेल्यावर रविवारचा बाबांचा फोन येईना, तेव्हा केतकीला वाटलं, दुःखानं गप्प झाले असतील. मग एक ईमेल आला. 'खातेदाराच्या निधनामुळे तुमच्याशी संबंधित नोंद बंद करण्यात येत आहे. काम : केतकीला फोन करणे. जबाबदारी : वडील.'

ती तडक कामनोंद केंद्रात डॉ. नाडगौडांसमोर जाऊन बसली.

कामनोंद ही मूळची कचेऱ्यांतली सोय. अपुरं काम नोंदवायचं. ते ज्याच्या माथी असेल त्याला ठरल्या वेळी आपोआप आठवणीचा ईमेल जायचा. पण माणसांना ईमेल पाठवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून शास्त्रज्ञांनी स्मरणकण काढला, कानामागे बसवायचा, तांदळाएवढा. नोंदीची वेळ झाली की कामनोंद त्या कणाला खूण करी आणि माणसाला ते काम आपणहून करावंसं वाटे. औषधं, विम्याचे हप्ते, गच्चीवरची टाकी धुणं, सगळं वेळेवर होऊ लागलं, आणि तेही हौसेनं.

"म्हणजे बाबांचे फोन आईनं केलेल्या नोंदीमुळे यायचे?"

"तुम्ही नाशिकला राहायला गेलात तेव्हापासून. त्यांना पत्ता नसावा. घरच्यांना नोंद करू देण्याची परवानगी सगळे डोळे मिटून देतात."

"आणि बोलताना त्यांचा गळा दाटायचा, तो?"

"कण माया निर्माण करत नाही, असलेली जागी करतो. असं आम्ही मानतो."

"मानता?"

"तपासणार कसं? आतून दोन्ही सारखंच वाटतं." डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही नवी नोंद करू शकता."

केतकीचा संताप झाला. बापाची माया म्हणजे काय नळदुरुस्ती आहे, तक्रार नोंदवून मागवायला?

मग तिनंच सांगलीला बाबांना फोन लावून पाहिला. "बरं आहे," बाबा म्हणाले. काय बोलावं हे दोघांनाही सुचेना. पुढच्या वेळीही तेच. आई तर गेलीच होती. आता बाबाही चालले होते, धडधाकट असून. तिला ते सोसवेना. तिनं नोंद केली.

रविवारी फोन वाजला.

"पोरी, मध्ये राहूनच गेलं बघ. आज सकाळपासून तुझ्यासाठी जीव नुसता तुटतोय." बाबांचा आवाज कापत होता. "तुझी आई आपली उगाच म्हणायची, 'मी आहे म्हणून तुम्हाला पोरीची आठवण होते.' बघ, आता ती नाही. तरी केलाच ना मी फोन?"

"हो, बाबा," केतकी म्हणाली आणि तिला रडू आवरेना. बाबांना वाटलं, आईच्या आठवणीनं रडतेय. ते कितीतरी वेळ तिची समजूत घालत राहिले.