स्टेशनापासून पाच मिनिटं

वाहिदमियाँ जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. छापखान्यात नईमा एकटीच पडद्याआड अक्षरांचे खिळे जुळवत बसली होती, तेवढ्यात पायरीवर बूट वाजले.

“कोणी आहे का?... पत्रकं छापायची होती.”

“मजकूर पडद्याखालून सरकवा. अब्बा येतीलच.”

अब्बांची नजर अधू झाल्यापासून नंदुरबारातली निम्मी पत्रकं तिच्याच हातची असत. तिनं कागद उचलला. ‘शाही विलास. ऐसपैस बंगले, गुलाबाची बाग, गार वारा. स्टेशनापासून फक्त पाच मिनिटं!’

“ही जागा कुठली म्हणायची?”

“नाल्यापलीकडची.”

“तो बरड माळ? तिथं जायला पाऊण तास लागतो!”

पलीकडून हलकंसं हसू आलं. “आपण फार हळू चालत असाल.”

“आणि तुम्ही फार भरभर बोलता.”

त्याचं नाव अनीस. अक्कलकुव्याचा, सुरतेच्या एका शेठचे बंगले विकायला आलेला. ही पाच मिनिटं शेठच्या मोटारीची, असं त्यानं सांगून टाकलं. नईमाला ते पटलं नाही. पण दर आठवड्याला नवी पत्रकं निघू लागली आणि बूट वाजले की तिच्या हातातला खिळा उगाच निसटू लागला.

एकदा तिनं मुद्दाम आकड्याची जागा मोकळी ठेवून प्रूफ धाडलं. परत आलं तेव्हा पेन्सिलीनं ‘पाच’ लिहिलेलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात— ‘रागावलात?’

तिनं त्याखाली लिहिलं, ‘नाही. संशय आहे.’

पुढच्या खेपेला पडद्याखालून मोगऱ्याच्या दोन कळ्या आल्या. तिनं त्या हुंगल्या, पण केसांत माळल्या नाहीत. गिऱ्हाइकाला गोड बोलून गाठायचं, हा तर याचा धंदाच! जो पाऊण तासाची पाच मिनिटं करतो, तो दोन कळ्यांचं काय काय करून सांगेल...

चैत्रात शहाद्याहून नात्यातली मावशी, फरजानाखाला आली. विधवा बाई, वाट्याचं शेत विकून मोकळी झालेली. सुरतेला दिलेली लेक स्टेशनात उतरली की पायी घरी यावी, एवढीच तिची हौस. तिच्या हातात नईमानंच जुळवलेलं पत्रक होतं.

“उद्या बंगला दाखवायला शेठची मोटार येणार आहे,” खाला आनंदानं म्हणाली.

संध्याकाळी अनीस आला तेव्हा नईमा पडद्याआडून एवढंच म्हणाली, “खालाला पायी न्या. मीही येईन.”

“शेठला कळलं तर...”

“मग राहू द्या. मला काय समजायचं ते समजलं.”

बूट दारापर्यंत गेले आणि परत आले. “सकाळी नऊला,” तो हळूच म्हणाला.

स्टेशनाबाहेर दोधू टांगेवाला उभा होता. पत्रकातली पाच मिनिटं खालाच्या तोंडून ऐकून तो खदखदून हसला, “पाच मिन्टं? मन्हा घोडाले पंख शेतस का?”

अनीसनं मान खाली घातली आणि आपली छत्री खालाच्या हाती दिली. बुरख्याच्या जाळीतून नईमा त्याला प्रथमच नीट पाहत होती. सडपातळ, मानेवर घाम... चेहरा लबाडाचा वाटत नव्हता. पण लबाडाचा चेहरा तसा असतोच कुठं?

खाला वाटेतल्या मोरीच्या कठड्यावर बसली. पुढं एका निंबाखाली बसली. नाल्याच्या काठी तर तिनं चपलाच काढल्या.

“बेटा, आता आलंच ना?”

नईमा अनीसच्या तोंडाकडे पाहू लागली. तो ‘हो’ म्हणाला असता तर खाला उठली असती.

“नाही, खाला. अजून निम्मंही झालं नाही. आणि पावसाळ्यात हा नाला चार-चार दिवस ओलांडू देत नाही. तुम्ही इथं घर घेऊ नका.”

खाला तिथूनच परतली. दुपारपर्यंत स्टेशनावरच्या हमालांनासुद्धा ही गोष्ट ठाऊक झाली आणि तिसऱ्या दिवशी शेठनं अनीसला काढून टाकलं.

नईमाला रात्रंदिवस एकच प्रश्न छळू लागला. चार महिने खोटं विकणारा एका सकाळी खरं बोलला, ते खालासाठी... की आपल्याला जिंकायला?

पंधरा दिवसांनी बूट वाजले.

“विसरवाडीला लाकडाच्या वखारीत काम मिळालंय,” अनीस म्हणाला. “ओंडक्यांवर छाप मारायचं. तिथं खोटं लिहायला जागाच नसते.”

“मला का सांगताय?”

“कारण... वाहिदचाचांशी बोलायचंय. तुमच्याबद्दल. तुम्ही नको म्हणालात तर असाच परत जातो.”

नको म्हणणं सोपं होतं. पण तिच्या तोंडातून निघालं, “अब्बा मागच्या खोलीत आहेत.”

तो गेला. नईमा भिंतीला कान लावून उभी राहिली. अब्बांचा जीव तिच्यात. लेक लांब द्यायची नाही, हे ते सगळ्या गावाला सांगत. आता हा खरं सांगतो का ते कळेल, तिला वाटलं.

“विसरवाडी?” अब्बांचा आवाज आला. “तिकडं कधी गेलो नाही. जवळच असेल ना?”

नईमानं डोळे मिटले.

“नाही, चाचा. लांब आहे. गाडीनं खांडबाऱ्यापर्यंत, पुढं बैलगाडी. सकाळी निघालं तर उन्हं कलतात. पावसात तर दोन दिवसही लागतील... खोली एकच आहे, आणि विहीर दूर.”

नईमानं डोळे पुसले, शाईचे हात तसेच ओढणीला लागले, आणि ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“अब्बा,” ती म्हणाली, “लांब असू दे.”