आनंदरावची हनुवटी

सत्यशीला दारात आली तेव्हा जानराव दौलतरावांच्या ओसरीवर चहा पीत बसले होते. तिला पाहताच त्यांनी कप खाली ठेवला. पोरीचा चेहराच तसा होता.

"जय भीम, काका," ती जानरावांना म्हणाली, पण बसली दौलतरावांसमोर. "मले माह्या भावाची चौकशी करायची आहे."

दौलतराव रेल्वे पोलिसातून निवृत्त झालेले. दुर्ग शहरात राहून लोकांच्या खासगी चौकश्या करायचे. जानराव भिलाईच्या कारखान्यात क्रेनवर. सुटीच्या दिवशी हे दौलतरावांबरोबर हिंडायचे आणि दर वेळी सगळं पाहूनही काहीच न दिसल्यासारखे घरी यायचे. हे ते स्वतःच हसत सांगत.

"तुमचा भाऊ तर हरवला होता ना?" दौलतरावांनी विचारलं.

"सतरा वर्षांआधी, गोंदियाच्या ठेसनावर. पाच वर्षांचा होता. आता डिसेंबरात देवरावमामांनी त्याले शोधून आणला."

तिचे वडील आनंदराव त्याच कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. दिवाळीत काविळीनं गेले. साहेबांनी त्यांच्या जागी घरच्या एकाला घ्यायचं कबूल केलं होतं, आणि सत्यशीला मॅट्रिक झालेली, म्हणून तीच लागणार हे जवळपास ठरलं होतं. तेवढ्यात हा सुखराम उगवला.

"तो सुखरामच कशावरून?"

तिनं आपल्या हनुवटीवर बोट ठेवलं. खालचा जबडा आखूड, ओठाखालून थेट गळ्याकडे उतरलेला. "आजाची अशी, बाबांची अशी, माही अशी. त्याचीबी अशीच. याच हनुवटीपायी तीन पाहुणे मले नाकारून गेले, अन् तिच्याच जोरावर तो नोकरीवर चालला! पुढच्या सोमवारी हुकूम निघते. मंग क्वार्टरबी त्याचं अन् आमीबी त्याच्याच भरवशावर."

तिनं सुखरामच्या अर्जाची नक्कल पुढे केली. दौलतरावांनी मोठ्यानं वाचलं: "'जन्मतःच हनुवटी मागे असल्याने मला आईचे दूध ओढता येत नसे. बोंडल्याने पाजावे लागे, असे आई मला लहानपणी सांगत असे.' खाली साक्षीदार..." ते थांबले. "जानराव, ही सही तुमची?"

"माहीच हाय," जानराव पुटपुटले. "देवराव म्हणे, कर सही. हनुवटी तर साऱ्या गावाले माहीत होती! मी कावून नाही म्हणू?"

देवराव म्हणजे जानरावांचा जिवाभावाचा दोस्त. सत्तावन साली कारखान्याचे पाये खोदत होते तेव्हा दोघं एका टिनाच्या झोपडीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. त्याच्या शब्दावर जानराव कोऱ्या कागदावरही सही करायला तयार असत.

"हिच्या आईनं, तुमच्या वहिनींनी, हा कागद पाहिला?"

"त्यायले कुठं वाचता येते?"

तिघं कारखान्याच्या क्वार्टरवर पोचले तेव्हा सुखराम न्याहारी करत होता. पोरगा गरीब स्वभावाचा, खाली मान घालून बोलणारा. पोळीचे बारीक तुकडे करून त्यानं चहात बुडवले, पार लगदा होऊ दिला, मग खाल्ले. सत्यशीलेच्या आईनं, कमलाबाईंनी, ताटलीत बिही ठेवल्या. इकडे पेरूला बिहीच म्हणतात. सत्यशीलेनं अख्खी बिही तोंडाला लावून कचकन चावा घेतला. सुखरामनं चाकू मागितला आणि कागदासारख्या पातळ चकत्या कापल्या.

"लहानपणी कुठं लागलंबिगलं होतं का रे?" दौलतरावांनी सहज विचारलं.

"नाही जी." त्यानं पाणी प्यायला मान वर केली. हनुवटीखाली एक जुना पांढरा व्रण होता. जानरावांनी तो पाहिला आणि दाढी करताना कापलं असेल असं मनाशी म्हटलं.

पोरगा नळावर गेल्यावर दौलतराव कमलाबाईंकडे वळले. "वहिनी, घरात बोंडलं होतं म्हणे?"

"हाय ना अजून!" बाईंनी फळीवरून पितळेचं चोचीचं भांडं काढलं. "सत्याच्या वक्ताले तुमसरच्या बाजारातून आणलं. हिच्यानं दूध ओढनंच होत नव्हतं, बाप्पा! थेंब थेंब पाजून जगवली."

"आणि सुखराम?"

"तो? तीन वर्सं अंगावरून सुटला नाही! कडुलिंब लावला तवा सुटला."

हे बायकांचं बोलणं, म्हणून जानराव संकोचून खिडकीबाहेर बघू लागले. तिथंच त्यांची नेहमीची चूक झाली.

तेवढ्यात देवराव आला. पाठीवर थाप, खळखळून हसणं, सगळं नेहमीसारखं.

"भाच्याच्या जन्माच्या वेळी तुम्ही गावातच?" दौलतरावांनी विचारलं.

"मी टाटानगरले होतो जी. सत्या झाली तवा गावी आलो, दोन सालं बहिनीजवळच राहिलो."

"आणि जानराव, तुम्ही?"

"मी नागपूरच्या मिलमंदी. गावी फक्त सनावाराले." जानराव चिडलेच. "आता मलेबी चोर ठरवता का?"

"सगळ्यांनाच विचारतो आहे. तुम्हाला वगळलं तर ती यारी होईल, चौकशी नाही."

मधला आठवडा दौलतराव कुणाला दिसले नाहीत. रविवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना क्वार्टरच्या अंगणात बसवलं आणि ताटलीतली एक बिही सुखरामपुढे धरली.

"चाकू न घेता खा."

पोरानं तोंड उघडलं. जेमतेम दोन बोटं जातील एवढंच उघडलं. बिही त्याच्या हातातच राहिली.

"मी दातांच्या डॉक्टरांना भेटून आलो," दौलतराव म्हणाले. "अशी हनुवटी रक्तातून येते, आजाकडून बापाला, बापाकडून लेकराला. पण प्रत्येक लेकराला येतेच असं नाही. ज्याला अशी येते त्याचा जबडा बहुतेक लहान असतो, पण कानाजवळची बिजागरी शाबूत. सत्यशीला अख्खी बिही चावते. लहानपणी हनुवटीवर आपटून बिजागरी जाम झाली, तर मात्र जबडा वाढतच नाही आणि तोंडही उघडत नाही. दिसायला दोन्ही सारखेच. या पोराच्या हनुवटीखाली व्रण आहे. ही हनुवटी आनंदरावची नाही, पडण्याची आहे."

"पडला असन कुठं तरी!" देवराव ओरडला. "आधी आखूड होती, मंग पडला!"

"आधी आखूड नव्हतीच. खऱ्या सुखरामला बापाची हनुवटी मिळालीच नव्हती. तीन वर्षं तो आईच्या अंगावर प्यायला. बोंडलं आलं ते सत्यशीलेसाठी. मग अर्जात सुखराम बोंडल्यावर कसा वाढला? वहिनींना दोन्ही लेकरांचं माहीत, त्या चुकल्या नसत्या. जानरावांना बोंडलंच माहीत नव्हतं. बोंडलं पाहिलेला, पण सुखरामचं तान्हेपण न पाहिलेला माणूस एकच. टाटानगरहून सत्यशीलेच्या जन्माला आलेला."

जानरावांनी देवरावकडे पाहिलं, आणि तो हसून काहीतरी सांगेल, सगळं खोटं ठरेल, अशी वेडी आशा त्यांना वाटली. देवराव हसला नाही.

पोरगाच आधी फुटला. "माहं नाव चंपत हाय जी. बालाघाटच्या आरागिरणीत होतो. चार वर्सांचा असताना मोहाच्या झाडावरून पडलो. मामा म्हने, तुले माय भेटन, नोकरी भेटन." त्यानं कमलाबाईंकडे पाहिलं. "मले माय नाही, म्हनून आलो."

"देवा," जानराव देवरावसमोर येऊन म्हणाले, "एका ताटात जेवलो रे आपण! माहीच सही घेतली तू?"

"पोरगी उद्या लगन करून जाईन, नोकरीबी तिच्यासंगं जाईन," देवराव जमिनीकडे पाहत म्हणाला. "बहिनीचं क्वार्टर राहावं म्हनून केलं. हा पोरगा माह्या मुठीत होता. अन् तुही सही कोणी नाकारत नाही, जान्या."

जानरावांच्या खरेपणाची किंमत दोस्तानं बरोब्बर ओळखली होती आणि तीच वापरली होती.

कमलाबाईंनी भावाकडे पाठ केली. आतून बोंडलं आणून त्यांनी मांडीवर घेतलं.

"मले वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "लहानपणी त्याचं तोंड असं नव्हतं, असं मले वाटलं होतं. पन मी मनाले म्हटलं, चूप राय."

सत्यशीला उठली. "दोन महिने तू त्याच्या हनुवटीवरून हात फिरवत रडत होती, आई. बापाची हनुवटी, बापाची हनुवटी म्हनत. तीच माह्या तोंडावर अठरा वर्सांपासून हाय. तुले दिसली नाही?"

बाईंनी हात लेकीच्या चेहऱ्याकडे नेला. सत्यशीलेनं तोंड बाजूला घेतलं.

"आज नको, आई."

तिनं कोरा कागद आणि पेन जानरावांपुढे ठेवलं. "काका, उद्या सोमवार हाय. आता खरं लिहा."

खोट्या साक्षीपायी आपलीही नोकरी जाईल, हे जानरावांना कळत होतं. त्यांनी लिहिलं. सही करण्याआधी, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.