नवी सिस्टर आणि खरं बोलणारा अभिमन्यू

रक्त गोठलं होतं, म्हणून त्या दोघांची ओळख झाली.

असं लिहिलं की भुताची गोष्ट वाटते. पण ही प्रेमाची आहे, आणि माझ्या सख्ख्या बहिणीची आहे, त्यामुळं मला सगळं माहीत आहे. वैष्णवीताईनं जे सांगितलं ते, आणि जे सांगितलं नाही… ते तर जास्तच.

ताई नर्सिंग पास झाली आणि धारूरच्या घाटाजवळच्या एका दवाखान्यात लागली, कंत्राटावर. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, उगीच कुणाला राग यायचा. पहिलाच आठवडा, बाहेर परतीचा पाऊस, व्हरांड्याच्या पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. ताई रिपोर्ट न्यायला लॅबच्या खिडकीशी गेली, तर आतल्या मुलानं जांभळ्या झाकणाची एक ट्यूब उजेडात धरली आणि म्हणाला,

"ताई, ह्याची तर बर्फी झालीय. रक्त परत घ्यावं लागतंय."

"मला ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"वॉर्डात सगळे 'नवी' म्हणतात."

"नवी काय जन्मभर राहणार हाय का? त्याच्यानंतर काय म्हणायचं?"

"…वैष्णवी."

"मी अभिमन्यू. घाटनांदूरचा." त्यानं एक रिकामी ट्यूब दोन बोटांत धरली. "रक्त घेतलं की ट्यूब अशी करायची. उलटी… सुलटी… उलटी… सुलटी. हलवायची न्हाई, झुलवायची. लेकरू झोपवल्यागत. शिकवलं न्हाई का कॉलेजात?"

"शिकवलं होतं. हात थरथरत होते."

"कावून?"

"मागं साखरा सिस्टर उभ्या होत्या."

"मग बरोबर हाय," तो एकदम गंभीर होऊन म्हणाला. "माझं तर त्यांच्या चपलांच्या आवाजानंच गोठतंय."

ताई हसली. त्या वेळी ती ट्यूबकडं बघत होती का त्याच्या बोटांकडं, हे तिला आजही नीट सांगता येत नाही. मी खूपदा विचारलं.

आता साखरा सिस्टर. साखराबाई, वॉर्डाच्या इन्चार्ज. नावावरून फसू नका. त्यांचा आवाज गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा, आणि टपरीवाला सांगायचा की आज कोणत्या खाटेवर काय चुकलं. ताईनं चादर घातली की त्या ती उचकटायच्या. "ही चुणी दिसती का? म्हातारं माणूस रातभर हिच्यावर पडलं की पाठीला फोड येतो. तुझ्या पाठीला यायचा न्हाई, म्हणून तुला दिसंना." मग ताई परत चादर घालायची. परत. परत.

पण जेवायच्या वेळेला उलटंच असायचं. सगळ्यांच्या आधी त्या ताईला पिटाळायच्या. "नवी, आधी तू खाऊन घे. भुकेल्या हाताला शीर गावत न्हाई." आणि ताई डबा उघडायला घ्यायची, तर शेंगदाण्याच्या चटणीचा गोळा आधीच झाकणावर ठेवलेला असायचा. कुणी ठेवला ते विचारायची सोय नाही.

"मनावर घेऊ नको," वॉर्डातल्या मंगल सिस्टर सांगायच्या. "मी आले तवाच माझं लगीन झालतं. सासरी बी नवी आन् इथं बी नवी. दोन्हीकडं चादरीच घालत होते."

एके दिवशी ताईच्या हातून औषधांचा ट्रे पडला. खळकन आवाज, गोळ्या सगळ्या खाटांखाली. एका पेशंटचा मुलगा बाह्या सारत उठलाच होता, तेवढ्यात साखराबाईंनी तोंड उघडलं. "डोळं घरी ठिऊन आलीस का? औषध हाय का चिंचोके हायत? आईबापानं शिकवलं ते ह्याच्यासाठी?" थांबायचं नावच नाही. शेवटी तो उठलेला माणूसच म्हणाला, "जाऊ द्या सिस्टर, लहान हाय पोरगी," आणि गोळ्या वेचायला वाकला.

ताई मात्र रडत रडत लॅबच्या खिडकीशी.

अभिमन्यूनं कपाट उघडलं. त्यात रद्दी पेपरात गुंडाळलेली सीताफळं होती, त्याच्या मामाच्या डोंगरातली. एकेक हलकेच दाबून बघितलं, एक निवडलं, खिडकीतून पुढं केलं.

"हे झालंय. बाकीची अजून दगडं हायत."

"कसं कळतं?"

"डोळं उघडत्यात त्याचं. बघा… अशा फटी पडल्या की दोन दिवसांत पिकतं." तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "माणसाचं किती दिवसांत कळतं, काय माहीत."

ताईनं सीताफळ फोडलं. बोटं चिकट झाली, नाक लाल, डोळे ओले… आणि तशात लाजायचं म्हणजे किती अवघड. तिनं ते केलं.

"एवढं बोलत्यात त्या, आन् तुमी ऐकून घेता?" तो म्हणाला. "मी असतो तर बोललो असतो. मला खरं गिळता येत न्हाई."

"मग बोला ना एकदा," ताई बी थुंकत म्हणाली.

इथंच चुकलं. दोघांचंही. कारण त्यानं ते खरंच मनावर घेतलं.

मग खिडकीशी जायला कारणं लागायची, आणि कारणं सापडत गेली. रिपोर्ट तयार आहे का. नसेल तर कधी होईल. झाला असेल तर अक्षर वाचता येत नाही, वाचून दाखवा.

"छापील हाय की," अभिमन्यू म्हणायचा.

"तरी वाचून दाखवा."

असाच एका दुपारी तो हिमोग्लोबिन वाचून दाखवत होता… फार हळूहळू… आणि तिकडं वॉर्डात बायनाबाईंची सलाईनची बाटली संपली.

बायनाबाई म्हणजे विठ्ठलरावांची आई. विठ्ठलराव पंचक्रोशीतले पुढारी. जुलाबानं गळून गेलेली म्हातारी, खाटेभोवती दहा माणसं, आणि नळीतून लाल रक्त वर चढायला लागलेलं. बाटली संपली की असं होतं, त्यात जिवाला धोका नसतो. पण बघणाऱ्याला ते माहीत नसतं ना. वॉर्डात एकच गलका झाला. "रक्त चाललं, आईचं रक्त चाललं!"

ताई धावत आली. तोवर साखराबाईंनी नळी बंद करून सुई साफ केली होती आणि म्हातारीला पाणी पाजत होत्या. विठ्ठलराव ताईकडं वळले… आणि साखराबाई सुरू झाल्या. "कुठं गेलतीस? खाट सोडून जायला ही काय जत्रा हाय? ह्या माउलीचा जीव घाबरा केलास, लाज वाटती का?"

ताईची मान खाली. विठ्ठलराव परत आईकडं वळले. एक बाई पुटपुटलीसुद्धा, "असू द्या आता…"

आणि दारातून अभिमन्यू आत आला. छाती पुढं, कान लाल.

"सिस्टर, तिला बोलू नका. तिची चूक न्हाई. मीच तिला थांबवून ठेवलतं. खिडकीत बोलत होतो आमी."

विठ्ठलराव गर्रकन मागं वळले.

"बोलत होता?" विठ्ठलराव हळू आवाजात म्हणाले. "माझी आई इथं पडलेली, आन् तुमी तिकडं गप्पा मारायलात?"

पुढचं सगळं वाईट झालं. डॉक्टरसाहेब आले. विठ्ठलराव म्हणाले, उद्या आईला सुट्टी मिळाली की लेखी तक्रार देणार, आणि ही पोरगी परवा मला इथं दिसायला नको. कंत्राटाची नोकरी, एका कागदानं जाते. साखराबाई मध्ये उभ्या राहिल्या. "वॉर्ड माझा हाय साहेब. लिहायचं तर माझं नाव लिहा." पण कोण ऐकतंय.

संध्याकाळी अभिमन्यू जिन्यापाशी उभा होता.

"मी खरं तेच बोललो," तो म्हणाला.

"हो. खरं तुमचं, आणि नोकरी माझी." ताई न थांबता खाली उतरली. "उद्यापासून रिपोर्ट मंगल सिस्टर नेतील."

ड्युटी रूममध्ये साखराबाई पट्ट्यांसाठी कापडाच्या घड्या घालत बसल्या होत्या. ताई समोर बसली, तिनंही घड्या घालायला सुरुवात केली.

"सिस्टर, तुम्ही मला लोकांपुढंच का बोलता हो? एकटीला बोलला असता तर…"

"एकटीला बोलून काय उपेग?" त्यांनी मान वर केली नाही. "आजाऱ्याची माणसं भ्यालेली असत्यात. भ्यालेल्या माणसाला कुणावर तरी ओरडायचंच असतंय. मी आधी ओरडते. त्यांच्या वाटचं बी मीच ओरडते. मग त्यांना तुझी दया येती, आन् हात उचलायचा राहतो." घडी दाबली. "मी नवी होते तवा माझ्यासाठी कुणी ओरडलं न्हाई. एका माणसानं थोबाडीत दिली, साऱ्या वॉर्डापुढं. त्या दिवशी ठरवलं."

ताईच्या हातातली घडी तशीच राहिली.

"त्या पोराला हे म्हाईत न्हाई," साखराबाई म्हणाल्या. "चुकीच्या जागी आलं येडं. पण आलं बघ… तुझ्यासाठी." आणि एवढं बोलून त्यांनाच राग आल्यासारखं झालं. "कडा जुळव की नीट."

दुसऱ्या दिवशी ताई लवकर गेली. बायनाबाईंच्या पायाशी बसून म्हणाली, "आजी, बाटली माझ्याकडं होती. मी जागेवर नव्हते. चुकले." म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण विठ्ठलराव खिडकीबाहेर बघत राहिले. खिशातून कागदाचं टोक दिसत होतं.

आणि तेवढ्यात, कोण? अभिमन्यू. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले. "काका, काल मी जे बोललो ते—"

साखराबाईंनी श्वास घेतला. पण आवाज आला तो ताईचा.

"थांबा. कुणी बोलावलं तुम्हाला इथं? काल कुणी बोलावलं होतं? चूक माझी, आजी माझ्या खाटेवरच्या, तुम्हाला वकील कुणी नेमलं?" ताई स्वतःच दचकली, पण आता थांबणं शक्य नव्हतं. "म्हणं खरं बोलतो. आधी बघावं ना समोर कोण उभं आहे. लेकाला वाटलं होतं आई चालली आपल्या हातातून. रक्त बघून त्यांचे हात कापत होते, ते दिसलं नाही तुला? आणि तू तिथं खिडकीचं सांगत बसलास. अक्कल कुठं ठेवतोस? त्या कपाटात, सीताफळाबरोबर पिकायला? घाटनांदूरला सगळे असेच आहेत का तू एकटाच? रात्रभर झोप नाही मला. नोकरीची नाही एवढी काळजी… तू असा तोंड पाडून जिन्यात उभा होतास त्याची! आणि वर आज परत आलास, इस्त्री करून!"

अभिमन्यू बारीक होत होत भिंतीला टेकला होता.

विठ्ठलराव खाकरले. "जाऊ द्या सिस्टर," ते म्हणाले. "पोरगं हाय. किती बोलता."

"बोलू दे रं तिला," बायनाबाई उशीवरून म्हणाल्या. "मी तुझ्या बापाला असंच बोलायचे. ते बी लगीन झाल्यावर… हिची लईच घाई दिसती."

आधी मंगल सिस्टर हसल्या, मग खाटा हसल्या, मग विठ्ठलरावांच्या मिशा हलल्या. त्यांनी खिशावर हात ठेवला, कागद आत सारला, आणि आईच्या चपला शोधायला खाली वाकले.

साखराबाई ताईजवळून जाताना हळूच म्हणाल्या, "शेवटाला जरा वाहावत गेलीस. थोडक्यात आवरायचं असतंय."

व्हरांड्यात अभिमन्यू तपासणीला रक्त द्यायला आलेल्यांच्या रांगेजवळ उभा होता. ताई चालत चालत त्याच्यासमोर आली आणि आता काय करायचं ते न कळून घड्याळ बघायला लागली. घड्याळ बंद होतं.

"ते सगळं विठ्ठलरावांसाठी होतं ना?" त्यानं विचारलं. कागद खिशात गेलेला त्यानंही बघितला होता.

"अर्धं."

"आन् अर्धं?"

"तुम्हाला एवढं पण कळत नाही?"

"मला एकच कळतं… मला तू आवडतीस. कुठं बोलायचं असतं ते मला अजून उमजंना, म्हणून हितंच बोलतो."

रांगेतले एक आजोबा बाही वर सारून केव्हाचे बसले होते. ते म्हणाले, "बोलून झालं असंल तर माझं रक्त घ्या बाबा. उपाशी हाय."

ताई लाल झाली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "उद्या माझी सुट्टी आहे," ती म्हणाली. "आज संध्याकाळी मी गेवराईला घरी जाणार. स्टँडपर्यंत… कुणी सोबत आलं तर चालेल."

इकडं आम्ही त्या संध्याकाळी तिच्यासाठी जेवायचे थांबलो होतो. आईनं भाकरी दोनदा गरम केली, बाबा तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. ताई आली तेव्हा आई म्हणाली, "गाडी उशिरा आली का गं?"

"हो," ताई म्हणाली, आणि माझ्याकडं बघून पटकन हात धुवायला गेली.

गाडी वेळेवर आली होती. दोघं स्टँडच्या बाकावर बसले होते, आणि ताईनं ती जाऊ दिली.