सतरा वेळा बंद केलेला गोळा

“अजून वेळ हवाय? अहो, दिलेला तरी कुठे वापरता तुम्ही!”

ती दारातच थबकली. संगणकांच्या त्या थंडगार खोलीतला तंत्रज्ञ तिने आज पहिल्यांदाच पाहिला; त्याच्याकडे मात्र तिची सगळी कुंडली तयार होती.

“सतरा वेळा गणित सुरू केलंत, सतराही वेळा स्वतःच बंद पाडलंत. काय घोडं मारलंय त्याने तुमचं?”

मशीनवर वाढीव वेळ मिळावा म्हणून भांडायच्या तयारीने आलेल्या तिला हसूच फुटलं. मग ती सांगतच सुटली. विश्वातलं न दिसणारं द्रव्य, त्याचे अतिशय हलके कण, स्वतःच्याच गुरुत्वाने ते एकवटून होणारा गोळा... तो गोळा टिकतो का, एवढंच तिला संगणकावर गणित करून शुक्रवारपर्यंत दाखवायचं होतं. नाहीतर तिच्या मार्गदर्शक मॅडम संशोधनाचा विषयच बदलणार होत्या, म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

“पण तो मध्येच फुगायला-आकसायला लागतो. एकदा थरथरला की फुटणारच. म्हणून बंद करते.”

“फुटलेला पाहिलाय कधी?”

“तसा... नाही.”

“मग गोळेबाई, या वेळी हात लावायचा नाही. कॉफी माझ्याकडून.”

दोन दिवस गोळा पडद्यावर फुगत होता, आकसत होता. तिचा हात कळफलकाकडे गेला की तो हळूच कप पुढे करी. एकदा बोटाला बोट लागलं, तशी ती “निघते हं —” म्हणत पळालीच. तिची मावशी म्हणायची ते खरंच होतं; माणसांनाही ती अशीच अर्ध्यावर सोडायची.

गुरुवारी दुपारी गोळ्याने जास्तीचं द्रव्य बाहेर भिरकावलं. थरथर मंदावत गेली, अगदी बारीक उरली आणि गोळा तसाच टिकून राहिला. मॅडमनी आलेख पाहिला आणि त्या म्हणाल्या, “लिहायला घे.”

ती धावतच खोलीत परतली.

“झालं की मग काम!” तो हसला, पण तिच्याकडे न बघता. “आता... इकडे कशाला येणं होतंय तुमचं.”

त्याच्या हातातला कप थरथरत होता. सवयीने तिने पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली. तिथेच थांबली. मग परत येऊन पिशवी खाली ठेवली आणि त्याच्याशेजारची खुर्ची ओढून बसली.

“अजून वेळ हवाय.”

“मशीनवर?”

“नाही,” ती म्हणाली, “तुझा.”